म्हातारी, काळ आणि व्हेंटिलेटर: इच्छामरणाचा वाद नेमका कशावर आहे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी तालुक्याच्या न्यायालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या नोटरींकडे गेले आणि आपल्याला ‘लिव्हिंग विल’ करायचे आहे असे त्यांनी सांगितले. शेजारच्या टायपिस्टने मान वर न करताच विचारले, “गुरुजी, सातबारा आणलाय का? वारस किती?” जमिनीचा यात काही संबंध नाही, आपण गेल्यानंतरचे सोडा, आपण जात असताना काय करायचे ते लिहून ठेवायचे आहे, हे समजावण्यात गुरुजींचा अर्धा तास गेला. नोटरींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असा कागद मी आजवर केलेला नाही. नमुना आणून द्या, सही-शिक्का करून देतो.”

हा गोंधळ त्या नोटरींचा एकट्याचा नाही. ‘इच्छामरणाचा कायदा झाला’ असे बसस्थानकावरच्या हॉटेलात ऐकू येते आणि ‘आपल्याकडे इच्छामरण म्हणजे खूनच’ असेही तितक्याच खात्रीने सांगितले जाते. दोन्ही विधाने अर्धी खरी आहेत, कारण बोलणाऱ्यांच्या मनातील गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि शब्द मात्र एकच आहे.

एका शब्दात कोंबलेल्या चार गोष्टी

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णाला त्याच्याच मागणीवरून डॉक्टरने इंजेक्शन देऊन मरण देणे, याला सक्रिय इच्छामरण म्हणतात. डॉक्टरने औषध लिहून द्यायचे आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचे, ही साहाय्यित आत्महत्या. भारतात या दोन्ही गोष्टी आजही गुन्हा आहेत. व्हेंटिलेटर, डायलिसिस यांसारखे उपचार सुरूच न करणे किंवा सुरू असलेले काढून घेणे आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे, हे निष्क्रिय इच्छामरण. याला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून मान्यता दिली आहे. चौथी गोष्ट म्हणजे मेंदूमृत्यू, आणि ती खरे तर या यादीत येतच नाही. मेंदूचे काम कायमचे थांबले असल्याचे ठरलेल्या तपासण्यांनी सिद्ध झाले की १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या दृष्टीने माणूस मृत असतो, मग यंत्रामुळे त्याची छाती वरखाली होत असली तरी. अवयवदानाच्या वेळी ‘आमच्या माणसाला यांनीच मारले’ ही जी कुजबुज होते, तिचे मूळ मेंदूमृत्यू आणि इच्छामरण यांची सरमिसळ करण्यात आहे.

मराठीत ‘दयामरण’ असाही शब्द आहे आणि वृत्तपत्रे तो ‘इच्छामरण’ याच अर्थाने वापरतात. मला हे दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात. दया करणारा बाहेरचा असतो. इच्छा ज्याची त्याचीच असते. इच्छामरणाचा बहुतेक नैतिक वाद या दोन शब्दांच्या मधल्या पट्टीत चालतो.

अरुणा शानबाग: इच्छा कोणाला विचारायची?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याला बांधण्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. अरुणांवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना सन्मानाने जाऊ द्यावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिकांनी त्याला ठाम विरोध केला. या परिचारिकांच्या कितीतरी तुकड्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि प्रत्येकीने अरुणांना न्हाऊ-खाऊ घातले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ही मागणी फेटाळली. मात्र त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय इच्छामरण देता येईल, असे देशात पहिल्यांदा सांगितले. अरुणांची जवळची माणसे कोण, या प्रश्नाला न्यायालयाने उत्तर दिले ते ‘केईएमचे कर्मचारी’ असे. पुस्तक लिहिणारी सहृदय पत्रकार आणि रोज कूस बदलून देणारी परिचारिका या दोघींनाही अरुणांचे भलेच हवे होते, पण अरुणांची इच्छा त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती आधी विचारून ठेवण्याचा मार्गही तेव्हा नव्हता. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. शुद्धीवर असतानाच माणसाने ‘माझी अशी अवस्था झाली तर अमुक उपचार करू नका’ असे लिहून ठेवायचे, म्हणजे पुढे अंदाज बांधण्याची वेळ कोणावर येणार नाही.

टँकर बंद करणे आणि विहिरीत विष टाकणे

इथे पहिला आणि सर्वांत अवघड आक्षेप येतो. व्हेंटिलेटर काढला तरी माणूस मरतो आणि इंजेक्शन दिले तरी मरतो. मग पहिले चालते आणि दुसरे गुन्हा, हा न्याय कुठला?

नेहमीचे उत्तर असे असते की इंजेक्शनने डॉक्टर मारतो, तर व्हेंटिलेटर काढल्यावर आजार मारतो. मराठवाड्यातील माणसाचे या उत्तराने समाधान होऊ नये. समजा एप्रिलच्या अखेरीस एखाद्या तहानलेल्या गावाचा टँकर कोणी बंद केला आणि वर म्हणाला, ‘मी कोणाच्या विहिरीत विष टाकलेले नाही, माणसे दुष्काळाने मेली’, तर आपण त्याला निर्दोष म्हणू का? काही न करणे हेही कृत्यच असते, आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने काही न करणे हा तर अपराध असतो. म्हणून केवळ ‘केले’ आणि ‘होऊ दिले’ या फरकावर सगळा डोलारा उभा राहत नाही.

तो उभा राहतो तो दुसऱ्या प्रश्नावर: टँकर कशात रिकामा होतो आहे? हौद तळाशीच फुटला असेल आणि ओतलेले सगळे पाणी मुरमात जिरत असेल, तर टँकर थांबवणाऱ्याला आपण दोष देत नाही. उपचार हे साधन आहे. त्यातून रुग्णाला बरे वाटणार नसेल, शुद्ध येणार नसेल आणि फक्त मरणाची वाट लांबत असेल, तर ते थांबवणे म्हणजे कर्तव्य टाळणे होत नाही. शिवाय शुद्धीवर असलेल्या माणसाने शस्त्रक्रिया नाकारली तर आपण ती जबरदस्तीने करत नाही. तोच नकार त्याने आधी लिहून ठेवला असेल तर बेशुद्ध होताच तो रद्द का व्हावा?

तरीही हौद फुटला आहे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे माणसे चुकू शकतात. म्हणूनच न्यायालयाने हा निर्णय एकट्या डॉक्टरवर सोडलेला नाही.

जिन्यावर रोज होणारा निर्णय

या विषयावरच्या चर्चा ऐकताना मला नेहमी वाटते की आपण जणू भविष्यात येणाऱ्या गोष्टीविषयी बोलतो आहोत. मराठवाड्यात ती कधीच येऊन बसली आहे, फक्त तिला नाव नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मामांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला. लातूरमधील एका खासगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात ते नऊ दिवस होते. पतसंस्थेचे कर्ज झाले होते, दोन म्हशी विकून झाल्या होत्या. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मामेभावाला आत बोलावले आणि म्हणाले, “आता फरक पडणार नाही. घरी न्या, सेवा करा.” जिन्यावर, डब्यांच्या पिशव्या आणि गुंडाळलेल्या चटया यांच्यामध्ये उभे राहून दोन भाऊ आणि एक मेहुणे यांनी दहा मिनिटांत निर्णय घेतला. मामी खाली औषधाच्या दुकानासमोर बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. ज्या कागदावर सही झाली त्यावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते, जरी सल्ला डॉक्टरांचाच होता.

रुग्णवाहिकेत निलंग्याच्या रस्त्याने मामांच्या तोंडावर मास्क धरून अंबू बॅग मी दाबत होतो. ती रबरी फुग्यासारखी असते. हाताने दाबली की हवा छातीत जाते. “दर पाच सेकंदांनी एकदा, घाई करू नका,” असे सोबतच्या मुलाने शिकवले होते. घराच्या ओसरीवर उतरवले, मामींनी तुळशीपत्र आणि पाणी ओठांना लावले, आणि मग सगळे माझ्या हाताकडे पाहू लागले. हात कोणी आणि कधी थांबवायचा, हे आमच्यापैकी कोणीच ठरवले नव्हते.

हे निष्क्रिय इच्छामरणच होते. त्यात ना वैद्यकीय मंडळ होते, ना रुग्णाची इच्छा, ना वेदनेवर औषध. निर्णय झाला तो म्हशी संपल्या म्हणून. म्हणूनच ‘कायदा आणला तर लोक म्हाताऱ्यांना मारू लागतील’ हा आक्षेप ऐकला की मला वाटते, कायदा नसतानाही दारावर हे घडतेच आहे. कायद्याने निदान चार प्रश्न विचारणे भाग पाडले असते.

जीव आपला की देवाचा?

दुसरा आक्षेप श्रद्धेतून येतो: प्राण देणारा तो, नेणाराही तोच, मध्ये आपण कोण? या आक्षेपाची टिंगल करणाऱ्यांना आपली परंपरा नीट माहीत नसते, आणि ‘आपल्या धर्मात तर समाधी आहेच’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनाही ती पुरती माहीत नसते.

पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर आळंदीला संजीवन समाधीस बसले आणि पैठणच्या एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला, हे मराठवाडा श्रद्धेने सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीला १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचे जैन व्रत, घेऊन छत्तीस दिवसांनी देहत्याग केला. आजही जैन बांधव तिथे दर्शनाला जातात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखनेला आत्महत्या ठरवले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विनोबांनीही १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी आणि औषध थांबवून देह ठेवला.

या सर्व उदाहरणांत एक अट समान आहे. ज्याचा देह, त्याचाच निर्णय, तोही शांत चित्ताने आणि कोणतीही घाई नसताना. दुसऱ्याने दया म्हणून दिलेले मरण या परंपरेत बसत नाही. इस्लाममध्ये प्राण ही अल्लाहची अमानत मानली जाते, त्यामुळे मरण घडवून आणणे वर्ज्य आहे. पण उपयोग उरला नाही असे उपचार थांबवण्याला अनेक उलेमांची हरकत नाही. पोप बारावे पायस यांनीही १९५७ मध्येच डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की असाधारण उपायांनी प्राण धरून ठेवण्याचे बंधन माणसावर नाही. यंत्र काढावे की नाही यावर धर्मांमध्ये वाटते तेवढे भांडण नाही. इंजेक्शनवर मात्र आहे.

मुक्या जनावराला सोडवतो, मग माणसाला का नाही?

हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात हमखास निघतो, आणि तो गांधीजींच्या आश्रमातही निघाला होता. १९२८ मध्ये साबरमतीला एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होते. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले आणि उठलेल्या गदारोळाला उत्तर देताना ती अहिंसाच असल्याचे लिहिले. मग माणसाच्या बाबतीत हात का आखडतो?

वासराला विचारता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्याला ठरवावे लागते. माणसाला विचारता येते. पण माणसाला विचारता येते म्हणूनच त्याच्याकडून हवे ते उत्तर काढूनही घेता येते, आणि सक्रिय इच्छामरणाविषयी माझ्या मनातील भीती इथेच आहे. ‘आता मला उचला रे पांडुरंगा, पोरांना त्रास नको’ हे वाक्य आपल्या प्रत्येक गल्लीत रोज कोणी ना कोणी म्हातारे माणूस म्हणते. त्यात इच्छा किती, लाज किती आणि सुनेच्या कपाळावरची आठी किती, हे कोणते मंडळ मोजणार? ‘अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्’ अशी प्रार्थना आपण शिकलो. दैन्य म्हणजे परस्वाधीनता, अशी समजूत त्या प्रार्थनेबरोबर घराघरात रुजली आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९७ पासून साहाय्यित मृत्यूचा कायदा लागू आहे. तिथल्या सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे सर्वांत वर येणारे कारण वेदना हे नाही. स्वतःचे स्वतः काही करता येत नाही, आवडीचे काही उरले नाही, हीच कारणे आघाडीवर असतात.

वेदनेचे म्हणाल तर तिच्यावर इलाज आहे, पण तो आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिनच्या गोळ्या बहुतेकांना आराम देतात. हे मॉर्फिन जिच्यापासून बनते ती अफू नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते, आणि तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक वर्षे दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरत. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. केरळने तर २००८ मध्येच उपशामक सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास हलका करण्याचे, धोरण केले आणि गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन रुग्णाची काळजी घेऊ लागले. आमच्याकडे तालुक्याला मॉर्फिन कुठे मिळते हे विचारून पाहा. ज्याला वेदना थांबवण्याचा दुसरा मार्गच दिलेला नाही, त्याने मरण मागितले तर त्याला ‘निवड’ म्हणणे मला जड जाते.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही...

काळ सोकावतो, ही पुढची भीती. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ मध्ये सक्रिय इच्छामरणाचे कायदे लागू झाले. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अट काढली. कॅनडाने २०१६ मध्ये मरणासन्न रुग्णांसाठी सुरुवात केली आणि २०२१ मध्ये मरण जवळ नसलेल्यांनाही वाट मोकळी केली. ऑरेगनने मात्र सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरल्याची अट आजवर सोडलेली नाही. म्हणजे काळ सोकावतोच असे नाही, पण त्याला अडवायला दारात कोणीतरी उभे असावे लागते. आपल्याकडे जिथे वारसाच्या फेरफारासाठी जिवंत माणसाला कागदावर मृत दाखवल्याच्या बातम्या येतात, तिथे त्या दारातल्या माणसावर भरवसा ठेवण्याआधी मी दोनदा विचार करीन. म्हणून माझा कौल असा: निष्क्रिय इच्छामरण आणि लिव्हिंग विल यांना मनापासून पाठिंबा, सक्रिय इच्छामरणाला आज नाही.

नळीतून जाणारे अन्न हा उपचार की घास?

इतके ठरवूनही एक कोपरा अंधारात राहतो. गाझियाबादचा एक विद्यार्थी २०१३ मध्ये इमारतीवरून पडला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे बेशुद्धावस्थेत राहिला. त्याला व्हेंटिलेटर नव्हता. नळीतून अन्न मात्र दिले जात होते. वृद्ध आई-वडिलांनी केलेला अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नाकारला, कारण तो कोणत्याही यंत्राविना जगत होता. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वैद्यकशास्त्र नळीला उपचार मानते, आणि आईला तो घास वाटतो. उपाशी ठेवणे हा शब्द ज्या भूमीत दुष्काळाच्या आठवणींसकट येतो, तिथे हा फरक केवळ व्याख्येने मिटणार नाही, आणि माझे स्वतःचे मतही इथे अजून ठरलेले नाही.

कागद कसा होतो

२०१८ ची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती वापरणे जवळजवळ अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्ध मनाच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर कागदावर सही करायची आणि तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकारी लागत. आपल्या वतीने बोलतील अशा जवळच्या माणसांची नावे त्यात लिहायची. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. विचार बदलला तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

वेळ आलीच तर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर व आणखी दोन तज्ज्ञ यांचे दुसरे मंडळ, अशा दोन चाळण्या आहेत. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे, असे अपेक्षित आहे. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. लिव्हिंग विल नसेल तरीही नातेवाइकांच्या संमतीने याच दोन चाळण्यांतून जाता येते, म्हणजे जिन्यावरची ती दहा मिनिटे कायद्याने आता पुरेशी नाहीत.

गुरुजींनी शेवटी नमुना मिळवला, मुलीची आणि पुतण्याची नावे घातली, दोन शेजाऱ्यांना साक्षीला नेले आणि नोटरींनी शब्द दिल्याप्रमाणे शिक्का मारला. संध्याकाळी सुनेने विचारले, “म्हणजे मामंजी, आता आजारपणात आम्ही काही ठरवायचंच नाही का?” गुरुजी म्हणाले, “मला बोलता येतंय तोवर मलाच विचारा. बोलता येईनासं झालं की हा कागद काढा.” दुसऱ्या दिवशी प्रत द्यायला ते नगरपरिषदेत गेले, तर आवक-जावकच्या लिपिकाने तो कागद दोनदा वाचला, हा कोणत्या टेबलाचा म्हणून आत जाऊन विचारून आला, आणि मग आवक क्रमांक घालून ‘संकीर्ण’ असे लिहिलेल्या फायलीत लावला.